साच्याच्या रबराची टोपी

माझ्या मोठ्या भावाने दोन वर्षं गणपतीचे डोळे आखले नाहीत. त्याला कारण माझ्या मोटरसायकलवरची बोटाच्या पेराएवढी एक रबराची टोपी, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं होतं. अर्धं खरं सांगण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

आमचं घर हमरापूरचं. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिला आम्ही कारखाना म्हणतो. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचाच; जिथे भोंगा वाजतो आणि शिफ्ट लागते ती कंपनी. दादा कारखान्यात आणि मी कंपनीत, रोह्याला. वडील गेले तेव्हा दादा नववीत होता. त्याने शाळा सोडून ब्रश हातात घेतला म्हणून मला डिप्लोमा करता आला. हे तो कधी बोलून दाखवत नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

कारखान्यात माती मळायला, साच्यातून मूर्ती काढायला, अंगाचा रंग मारायला चार माणसं असतात, डोळे मात्र एकटा दादा आखायचा. मूर्ती पूर्ण तयार होऊन रांगेत उभ्या राहायच्या, सगळ्या आंधळ्या, आणि मग तो पाट घेऊन एकेकीसमोर बसायचा. वरच्या पापणीची रेघ तो एका दमात ओढायचा. श्वास रोखून नाही, सोडत सोडत. तेवढा वेळ वहिनी घरात मिक्सरसुद्धा लावायची नाही. रेघ झाली की तो मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, ‘बघतोय.’ एवढंच. मग पुढची मूर्ती.

मोटरसायकल माझी. नोकरी लागली तेव्हा घेतली, तीही जुनीच, त्यामुळे आता ती वीस वर्षांच्या घरात आहे. हमरापूरहून पेण, वडखळ, नागोठणे, निडी करत रोहा, आणि शिफ्ट सुटली की तसंच परत. इतक्या वर्षांत तिने मला कधी वाटेत सोडलं नाही. मग एका उन्हाळ्यात ती फटाके वाजवायला लागली. उतारावर मूठ सोडली, म्हणजे रेस बंद केली, की धुराड्यातून फाट फाट. नागोठण्याच्या नाक्यावर कुत्री मागे लागायची आणि ओळखीचे लोक विचारायचे, ‘काय, लग्न हाय काय कुणाचं?’

पेणच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून दोन मिनिटांत सांगितलं, “ही पोल्यूशनची भानगड हाय. आतला पडदा फाटलाय. पार्ट आता येत नाय ह्या गाडीला. काढून टाक नि भोकं बंद कर. समदे तेच करतात.”

पोल्यूशनची भानगड म्हणजे इंजिनाशेजारी बसवलेली एक काळी डबी. तिचं काम चांगलंच असतं. जे पेट्रोल अर्धवट जळून धुराबरोबर बाहेर पडतं, त्याला थोडी ताजी हवा द्यायची म्हणजे ते वाटेतच जळून जातं. एक जाड नळी हवेच्या फिल्टरकडून डबीत येते, दुसरी डबीतून इंजिनाच्या डोक्याकडे जाते, आणि तिसरी एक बारकी नळी असते. मूठ सोडली की इंजिन जोराने हवा ओढतं; ती ओढ या बारक्या नळीतून डबीपर्यंत पोचते आणि आतला पडदा बंद करते. पडदा फाटला की बंद व्हायची ती हवा चालूच राहते आणि फटाके वाजतात.

कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. कुठल्या जोडातून वाफ सुटते, कुठे वास येतो हे हुंगत फिरणं आणि ते बंद करणं यासाठी मला पगार मिळतो. गावात कुणी म्हटलं की तुमच्या कंपन्यांनी नदीचं वाटोळं केलं, तर मी तावातावाने नियम सांगतो. आणि तोच मी रविवारी अंगणात बसून माझ्या गाडीचा धूर साफ करणारी डबी पान्याने सोडवत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्या दिवशी मात्र ही म्हण मला सुचली नाही. काम नीट करायचं एवढंच डोक्यात होतं.

आणि केलंही नीट. इंजिनाच्या डोक्यावरचं भोक लोखंडी पट्टी कापून, खाली गास्केट घालून बंद केलं. फिल्टरच्या भोकाला बूच ठोकलं. राहिलं ते बारक्या नळीचं टोक. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक आखूड नळकांडं असतं, त्यातून पेट्रोल आणि हवा आत जाते. त्याला पितळेची एक नखाएवढी चोच असते, बारकी नळी तिच्यावर बसते. ही चोच उघडी ठेवून चालत नाही. स्ट्रॉला भोक पडलं की शहाळ्यातलं पाणी कमी आणि हवाच जास्त येते, तसंच होतं. इंजिनाला फालतू हवा मिळते, पेट्रोल कमी पडतं, ते तापतं, आणि मूठ सोडली तरी रेस खाली येत नाही. या चोचीवर घालायला रबराची टोपी मिळते. पेणच्या दुकानात त्या मापाची नव्हती. दुकानदार म्हणाला, पनवेलहून मागवतो, चार दिवसांनी या.

चार दिवस थांबायला काय झालं होतं मला? बस होती, रेल्वे होती. पण हातात घेतलेलं काम संध्याकाळच्या आत संपलं नाही तर माझं डोकं फिरतं. मी उठून कारखान्यात गेलो. दादा नव्या मूर्तीवर साच्याचं रबर चढवत होता. हे रबर डब्यात दुधासारखं पातळ असतं. मूर्तीवर ब्रशने त्याचा एक हात मारायचा, वाळू द्यायचं, पुन्हा दुसरा. असे बरेच हात झाले की मोज्यासारखं सोलून काढायचं. मूर्तीच्या दागिन्यांची बारीकसारीक नक्षीसुद्धा त्यात उमटलेली असते. आमच्या घरात या रबरावाचून काही अडत नाही. कुकरच्या शिट्टीखाली, आईच्या काठीच्या टोकाला, गळक्या नळाला, सगळीकडे साच्याचं रबर.

मी दादाला चोच दाखवली. त्याने माझ्या डब्यातून त्याच जाडीचा एक बोल्ट शोधला, त्याला साबणाचं पाणी लावलं आणि रबराचा पहिला हात मारला. चार हात दिले त्याने. प्रत्येक हात वाळेपर्यंत तो आपलं काम करायचा आणि मधूनच बोटाने दाबून बघायचा. शेवटी पावडर लावून टोपी सोलून काढली तेव्हा मी बघतच राहिलो. तिला खाली काठसुद्धा काढला होता, निसटू नये म्हणून. टोपी माझ्या तळहातावर ठेवताना त्याने विचारलं, “पेट्रोल लागंल ना रे ह्याला? चालंल?”

“तिथे पेट्रोल नसतं दादा. नुसती हवा असते.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या नळकांड्यातून हवेबरोबर पेट्रोलच जातं, हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? साधं रबर पेट्रोलला, सॉल्व्हंटला टिकत नाही, फुगतं आणि चिकट होतं, हे मी कंपनीत नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगतो. कुणी चुकीची गास्केट लावली तर सगळी लाईन उघडायला लावतो. पण ते कंपनीत. घरी साच्याचं रबर म्हणजे रबर नव्हतंच जणू, घरचा माणूस होता. आणि खरं सांगायचं तर, माझ्या यंत्रासाठी दादा काहीतरी करतोय याचा मला इतका आनंद झाला होता की तो मला मोडायचा नव्हता.

गाडी झकास झाली. फटाके बंद. वहिनी म्हणाली, धुराचा वास उग्र झालाय, डोळ्यांत जातो. मी म्हटलं, सवय होईल.

श्रावण लागला आणि गाडीची रेस चढी राहायला लागली. सिग्नलला उभं राहिलं की ती उगाच गुरगुरायची. मी स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा अर्धा फेरा. कंपनीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, अरे ताप का येतोय ते बघ की, कपाळावर पट्ट्या काय ठेवतोस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

रोह्याला एक घर आहे. शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई आणि त्यांचे यजमान. त्यांच्याकडे शाडूचा गणपती वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडूनच जातो, आणि तो डोळ्यांवाचून जातो. देवाने डोळे उघडले की पहिलं आपलं घर दिसलं पाहिजे अशी त्या घराची रीत आहे. मूर्ती आधी नेऊन ठेवायची, आणि चतुर्थीच्या आठ दिवस आधी आमच्या घरच्याने रंग-ब्रश घेऊन जायचं, त्यांच्या ओटीवर बसून डोळे आखायचे, जेवायचं आणि परत यायचं. आधी वडील जायचे, नंतर दादा. तो एसटीने जायचा. त्या वर्षी मीच म्हटलं, “माझी दुसरी शिफ्ट आहे, मी दुपारच्या बसने जाईन. तू गाडी घेऊन जा. लवकर परत येशील.” कारखान्यात तेव्हा डोळे आखायच्या मूर्तींची रांग लागलेली होती. तो गेला.

निडी स्टेशनच्या अलीकडे एक वळण आहे, तिथल्या चहावाल्याचा फोन आला, दादा गाडीवरून पडलाय. मी रिक्षाने पोचलो तेव्हा दादा तिथल्याच दवाखान्याच्या बाकावर बसलेला होता. उजवा हात छातीशी धरलेला आणि मनगट भलतीकडे वळलेलं. ब्रशांचा डबा मांडीवर होता. मला बघून तो म्हणाला, “रोह्याचे डोळे राहिले रे.”

मग म्हणाला, “मूठ सोडली मी वळणाला. सोडली तरी पळतच व्हती.”

त्याला पेणच्या हॉस्पिटलात दाखल केलं. मनगटात पट्टी आणि स्क्रू घालावे लागणार होते. वहिनी त्याच्याजवळ थांबली आणि मी गाडी आणायला परत निडीला आलो. हँडल थोडं वाकलं होतं, बाकी काही नाही. किक मारली तर ती ओरडायलाच लागली. मी गाडी बंद केली आणि खाली बसलो. कुठे बघायचं ते मला माहीत होतं. टोपी फुगून दुप्पट झाली होती, बोट लावलं तर चिकटत होती, आणि बाजूने उभी चिरली होती. दादाने काढलेला काठ तेवढा शाबूत होता. मी ती उपटली आणि रस्त्याकडेच्या गटारात टाकली. चहावाल्याच्या शेजारी पंक्चरचं दुकान होतं. तिथून पेट्रोलच्या पाईपचा एक तुकडा घेतला, त्यात बोल्ट कोंबला, चोचीवर चढवला, क्लिप आवळली. पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांचं काम होतं ते, डबी काढली त्या रविवारीसुद्धा झालं असतं. पुन्हा किक मारली, गाडी शांत चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाल्यावर दादाने विचारलं, “गाडीला काय झालं व्हतं?”

मी म्हटलं, “गाडीला काही नाही. मी चालवतच आणली ना निडीहून. एकदम ठीक आहे.”

“पन मी मूठ सोडली व्हती.”

“राहिली असेल सोडायची, दादा. घाईत कळत नाही.”

प्रत्येक शब्द वेगवेगळा घेतला तर त्यात फार खोटं सापडणार नाही. मी गाडी चालवतच आणली होती. वर मी स्वतःला असंही समजावलं की टोपी त्याने केलेली होती, खरं सांगितलं तर तो स्वतःलाच दोष देईल, म्हणून नको. हे मला फार सोयीचं पडलं. दादाने प्लास्टरमधल्या हाताकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “असंल.”

त्या वर्षी उरलेले डोळे वहिनीने आखले. रोह्यालाही तीच एसटीने गेली. तिने जीव तोडून केलं, पण पेणच्या बाजारात एक गिऱ्हाईक म्हणालं, यंदा बाप्पा जरा दचकल्यासारखा वाटतोय. वहिनी हसली आणि घरी येऊन रडली.

प्लास्टर निघालं. चेंडू दाबायचे व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, हात छान जुळलाय, आता काय वाटेल ते करा. दादा मूर्तींच्या प्लास्टरच्या गोणी उचलायला लागला, त्यात घालायचा काथ्या पिंजायला लागला, नारळ सोलायला लागला. डोळ्यांचा ब्रश मात्र त्याने धरला नाही. पुढच्या श्रावणात मूर्ती रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा तो पाट उचलून वहिनीसमोर ठेवून बाहेर गेला. विचारलं की म्हणायचा, हात आयकत नाय. मला वाटायचं दुखत असेल. दुखत असेल असं वाटणं हीच मला मोठी शिक्षा आहे, असंही मी मानायचो आणि निवांत झोपायचो.

या वर्षी आषाढात, रविवारी सकाळी, रोह्याच्या बाईंचा फोन आला. आम्ही दोघं कारखान्यात होतो. त्या विचारत होत्या, यंदा तरी दादा येणार का, त्यांच्या यजमानांचं आता वय झालंय, त्यांना दादाच्या हातचे डोळे बघायचे आहेत. मी फोन दादाकडे दिला. त्याने तो घेतला नाही. फोन ठेवल्यावर म्हणाला, “त्यांना सांग, दुसरा कारखाना बघा.”

“दादा, बाबांपासूनचं घर आहे ते.”

“म्हनून तर सांगतोय.”

“डॉक्टर म्हणाले ना हात बरा आहे?”

“बराच हाय हात.” त्याने तो पुढे करून दाखवला. “पन मला वाटलं, मी मूठ सोडली. आजूनबी वाटतं. तू बोललास नाय सोडली. तू गाडी बघितलीस, तुला त्यातलं कळतं. म्हंजे मी हाताला सांगितलं एक आनि त्यानं केलं एक, नि मला पत्ताबी नाय. असा हात देवाच्या डोळ्याला कसा लावू?”

दोन वर्षं मी त्याच्या मनगटाची काळजी करत होतो. मनगट कधीच जुळलं होतं. जे तोडलं ते मी तोडलं होतं, हॉस्पिटलात, त्याच्या कॉटशेजारी बसून, एका वाक्यात.

मी सांगितलं. टोपी फुगली होती, चिरली होती, मी ती गटारात टाकली, पाईपचा तुकडा लावला आणि मग गाडी चालवत आणली. ते रबर तिथे चालणार नव्हतं आणि ते मला माहीत होतं. तू विचारलं होतंस, मी म्हणालो तिथे नुसती हवा असते. मग हॉस्पिटलात खोटं बोललो. हे सगळं मी जमिनीकडे बघत बोललो. तो आता ओरडेल, किंवा निदान आपण केलेल्या टोपीबद्दल काही विचारेल, असं मला वाटत होतं. त्याने हात उचलला असता तरी मी हललो नसतो.

त्याने टोपीबद्दल काही विचारलं नाही. तो काथ्याच्या गोणीवर बसला. उजवा हात त्याने मांडीवर उताणा ठेवला आणि मूठ बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली, उघडली.

“म्हंजे मूठ मी सोडली व्हती,” तो म्हणाला.

“हो.”

“वळणाच्या आधीच सोडली व्हती.”

“हो, दादा.”

शेडच्या पलीकडच्या टोकाला वहिनी गनने मूर्तींना अंगाचा रंग मारत होती आणि गनचा कॉम्प्रेसर धडधडत होता. दादा उठला आणि तिला हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही. तो मूर्तींच्या रांगेमधून वाट काढत तिच्याकडे गेला आणि त्याने स्वतःच कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. तिने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

“मूठ मी सोडली व्हती गो,” दादा तिला सांगत होता. त्याचा आवाज मोठाच राहिला होता, कॉम्प्रेसर चालू असल्यासारखा. “गाडीच खराब व्हती. हा बोलला आता. मी सोडली व्हती मूठ.”

वहिनीच्या हातात रंगाची गन तशीच होती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.